‘हो’ लिहायला कारण लागतं : वाचकांच्या पत्रांना उत्तरं

गेल्या अंकात व्हिसा, आश्रय आणि देशाबाहेर पाठवणी या विषयांवर प्रश्न पाठवा म्हटलं होतं. मला वाटलं होतं, दोन-चार पत्रं येतील. पोस्टमनने पिशवी आणून दिली.

नवीन वाचकांसाठी सांगते, मी वकील नाही. एका जिल्ह्याच्या ठिकाणी परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या टेबलावर २६ वर्षं लिपिक होते. २०१७ साली निवृत्त झाले, आता कोथरूडला असते. कोर्टात काय होईल ते वकिलाला विचारा. फाइलचं काय होतं, ते मी सांगते.

प्रश्न : ताई, आमच्या औंधच्या फ्लॅटमध्ये २०१९पासून एक अफगाण मुलगा भाड्याने राहतो. आधी एम.ए. केलं, मग एक डिप्लोमा, आता दुसरा. ह्यांची बायपास झाली तेव्हा दोन रात्री दवाखान्याच्या बाकड्यावर काढल्या त्याने. त्याचा पासपोर्ट संपत आलाय, व्हिसाही जूनपर्यंतच आहे. परत जायला घाबरतो. सोसायटीचे चेअरमन म्हणतात, खोली रिकामी करून घ्या, नाहीतर पोलीस तुमच्या दारात येतील. काय करू? (एक वाचक, औंध)

उत्तर : चेअरमनना सांगा, भाडेकरू परदेशी आहे म्हणून पोलीस दारात येत नाहीत. तो आहे हे घरमालकाने कळवलं नाही म्हणून येतात. परदेशी माणूस घरात राहायला आला की २४ तासांत ऑनलाइन माहिती भरायची असते, तोच तो ‘फॉर्म सी’. हॉटेलवाल्यांना तो पाठ असतो, घरमालकांना कुणी सांगत नाही. २०१९ला भरला असेल तर त्याची पावती शोधून ठेवा. नसेल भरला तर आज भरा, आणि उशीर का झाला ते एका ओळीत खरं लिहा. त्याला बाहेर काढल्याने तुमचा न भरलेला फॉर्म भरला जात नाही. उलट तो मुलगा औंधचा पूल ओलांडून सांगवीत राहायला गेला, तर हद्दच बदलते. २०१८पासून पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय वेगळं आहे. पत्ता बदलल्याची नोंद राहिली, की पुढच्या अर्जावर पहिला शेरा तोच बसतो.

आता मुलाचं. हे जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण इथे बहुतेकांचा गैरसमज आहे. लोकांना वाटतं, ‘मी निर्वासित आहे’ असं कुठेतरी जाऊन सांगायचं, एक अर्ज भरायचा, मग सरकार हो किंवा नाही म्हणेल. भारतात असा अर्जच नाही. १९५१च्या निर्वासितांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही, १९६७च्या त्याच्या पुरवणीवरही नाही, आणि आपला स्वतःचा तसा कायदाही नाही. कायद्याच्या लेखी ताजमहाल बघायला आलेला आणि जीव मुठीत धरून आलेला, दोघंही ‘परदेशी’. १९४६चा परदेशी नागरिक कायदा हेच सांगत होता, आणि १ सप्टेंबर २०२५पासून त्याच्या जागी आलेला नवा इमिग्रेशन अँड फॉरेनर्स कायदाही निर्वासितांसाठी वेगळा कप्पा करत नाही. मुदत संपल्यावर राहिलं तर त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. म्हणून जूनची तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तुम्हीही लिहून ठेवा.

मग अशी माणसं इथे राहतात कशी? तिबेटी आणि श्रीलंकेतले तमीळ यांचं सरकार स्वतः पाहतं. अफगाण, म्यानमारचे, सोमाली वगैरेंची नोंद, मुलाखत आणि ओळखपत्र संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था दिल्लीत करते. युएनएचसीआर म्हणतात ती. तिचं काम फुकट असतं. कुणी ‘कार्ड काढून देतो’ म्हणून पैसे मागितले तर तो चोर आहे. ते कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे, पण भीती खरी असल्याचं कुणीतरी तपासलंय याचा तो पुरावा असतो. आणि २०११ साली गृहमंत्रालयाने एक कार्यपद्धती ठरवून दिली : वंश, धर्म, लिंग, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट किंवा राजकीय मत यामुळे छळ होईल ही भीती सकृद्दर्शनी खरी वाटली, तर राज्य सरकार सुरक्षा तपासणी करून दीर्घ मुदतीच्या व्हिसाची शिफारस केंद्राकडे करू शकतं. ‘करू शकतं’ हे शब्द नीट वाचा. ‘करावं’ असं नाहीये.

पासपोर्टचा तिढा याहून अवघड. पासपोर्ट नवा करायचा तर आपल्याच देशाच्या वकिलातीत जावं लागतं. ज्यांच्या भीतीने परत जात नाही म्हणायचं, त्यांच्याच खिडकीवर शिक्का मागायचा! १९५१च्या करारात कलमच आहे, की आपल्या देशाचं संरक्षण माणसाने आपणहून पुन्हा घेतलं तर त्याचं निर्वासितपण संपू शकतं. काबूल १५ ऑगस्ट २०२१ला पडलं. त्याआधीच्या राजवटीचे लोक चालवत होते तो दिल्लीतला दूतावास नोव्हेंबर २०२३मध्ये बंद झाला. अशा मुलांनी जायचं कुणाच्या दारात? आमच्या टेबलावर मात्र एकच रकाना : ‘पासपोर्ट वैध आहे काय? होय / नाही.’ म्हणून त्याने पासपोर्टचा अर्ज करण्याआधी दिल्लीच्या संस्थेला लेखी विचारावं आणि ते उत्तर जपून ठेवावं. मुदतवाढीचा ऑनलाइन अर्ज मात्र व्हिसा संपण्याआधीच करायचा. पोचपावतीची छापील प्रत घ्यायची, मोबाइलमधल्या फोटोवर विसंबायचं नाही.

आणि एक गोष्ट टेबलाच्या आतली. अधिकाऱ्याला ‘नाही’ लिहायला फारसं कारण लागत नाही. नियमात बसत नाही, एवढ्यावर काम भागतं, आणि त्यासाठी त्याला कधी कुणी जाब विचारत नाही. कारण लागतं ते ‘हो’ लिहायला. उद्या वर काही झालं तर ‘तू कशावरून हो म्हणालास?’ याचं उत्तर त्याच्या फाइलमध्ये असावं लागतं. ते उत्तर त्याला अर्जदाराने द्यायचं असतं. मुलाच्या पत्रात ‘माझ्या जिवाला धोका आहे’ एवढंच असेल तर त्यातून टिपणी तयार होत नाही. वडील कुठल्या खात्यात होते, कुठल्या वर्षापर्यंत, घरी कोण कधी आलं, कुणाला उचललं, हे तारखांनिशी एका पानात हवं. भाषा साधी हवी. तुमचंही एक पत्र जोडा : किती वर्षं राहतो, भाडं वेळेवर देतो का, दवाखान्यातल्या त्या दोन रात्री. अशा पत्राने कायदा बदलत नाही, पण टिपणी लिहिणाऱ्याला टेकायला एक भिंत मिळते.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. सुदानहून आलेला एक विद्यार्थी, नोंदणीची मुदत १४ दिवस. चौदावा दिवस सुट्टीचा होता, तो पंधराव्या दिवशी सकाळी दार उघडायच्या आधी उभा. मी फाइलवर लिहिलं, ‘उशिरा हजर’. सुट्टीचा उल्लेख केला नाही. आळस, दुसरं काही नाही. चार वर्षांनी त्याच्या मुदतवाढीच्या वेळी वरून विचारणा आली, की ‘अर्जदाराचा पूर्वीचा नियमभंग’ काय होता? तोवर माझा एक शेरा चार टिपण्यांमधून फिरत फिरत ‘नियमभंग’ झाला होता. मी कॅलेंडर जोडून खुलासा लिहिला म्हणून निभावलं. तो मुलगा जाताना मला पेढे देऊन गेला आणि मला ते घशाखाली उतरेनात.

प्रश्न : तडीपार आणि हद्दपार एकच का? (एक वाचक, नारायण पेठ)

उत्तर : नाही. तडीपारी आपल्या राज्याच्या पोलीस कायद्यातली. गुंडाला जिल्ह्याबाहेर घालवतात, जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी, आणि त्याला राज्य सरकारकडे अपील करता येतं. तो नागरिकच राहतो, नगरला किंवा साताऱ्याला जाऊन बसतो. परदेशी माणसाला देशाबाहेर काढणं हे केंद्राचं काम. तिथे परत यायला दोन वर्षांची हमी नसते. वर्तमानपत्रं दोन्हींना एकच शब्द वापरतात, त्याला माझा इलाज नाही.

प्रश्न : मॅडम, मी विधीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. परदेशी माणसाला भारतातून काढताना सरकारला कारण द्यावं लागत नाही, असं सर म्हणाले. हे लोकशाहीत कसं चालतं? (एक विद्यार्थिनी, डेक्कन)

उत्तर : सर बरंचसं बरोबर म्हणाले. लुई द राएट यांचा खटला वाच. बेल्जियन मिशनरी, १९३७पासून भारतात. पुढे ऐंशीच्या दशकात त्यांना देश सोडायला सांगितलं. म्हणजे पन्नासेक वर्षांनी. सुप्रीम कोर्टाने १९९१ला निकाल दिला : परदेशी माणसाला घटनेतलं जीविताचं आणि स्वातंत्र्याचं संरक्षण आहे, पण इथे राहण्याचा, स्थायिक होण्याचा हक्क नाही. तो फक्त नागरिकाला. इथेच कायम राहायचा इरादा होता म्हणून मी नागरिकच, असं त्यांचं म्हणणं होतं. तो इरादा सिद्ध झाला नाही असं कोर्टाने धरलं. वाचताना मला राहून राहून वाटलं, त्यांच्या फाइलमध्ये दरवर्षीचे किती मुदतवाढीचे कागद असतील! माणूस आयुष्यभर राहतो, फाइल मात्र त्याला पुढच्या मार्चपर्यंतच ओळखते.

मग लगेच १९९६चा चकमांचा निकाल वाच, पूर्व पाकिस्तानातून येऊन अरुणाचलात राहिलेल्या निर्वासितांचा. तिथे कोर्ट म्हणालं, कुणी जमावाने धमकावून या लोकांना हुसकावू शकत नाही, राज्याने त्यांच्या जिवाचं रक्षण केलंच पाहिजे. दोन्ही निकाल एकत्र ठेव. राहण्याचा हक्क नाही, जगण्याचा आहे. या दोहोंच्या मधल्या फटीत सगळे अर्जदार उभे असतात. २०२१ला जम्मूतल्या रोहिंग्यांच्या बाबतीतही सुप्रीम कोर्टाने सोडा म्हटलं नाही, पण ठरलेली कार्यपद्धती पाळल्याशिवाय पाठवू नका म्हटलं. कार्यपद्धती म्हणजे शेवटी आमचं टेबल.

हा कायदा इतका कडक का, याचं एक उत्तर आपल्या पुरंदरावर सापडेल. १९४६च्या आधी १९४०चा कायदा होता, ऐन युद्धातला. त्या काळात सरकारने जर्मन कुटुंबांना ‘शत्रुदेशाचे’ म्हणून पुरंदर किल्ल्यावर ठेवलं होतं. डॉ. गोएट्झ नावाचे एक अभ्यासक तिथेच अडकले होते, त्यांनी त्या मुक्कामात किल्ल्याचाच अभ्यास केला आणि पुढे त्यावर लिहिलं. युद्ध संपलं, पण परदेशी माणसाकडे हेर म्हणून बघणारा तो डोळा कायद्यात राहून गेला. गंमत म्हणजे त्याच वर्षांत कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंडचे हजारो निर्वासित आनंदाने राहत होते. एकाच सरकारची दोन गावं.

प्रश्न : माझा मुलगा जर्मनीत म्युनिकला आहे, ब्लू कार्डवर (नोकरीसाठी राहायचा परवाना), तीन वर्षं झाली. ऑक्टोबरमध्ये नोकरी गेली. आता तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयाचं पत्र आलंय. त्याची आई जेवत नाही. त्याला विमानात घालून परत पाठवतील का? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : आधी वहिनींना जेवायला सांगा. पत्राच्या वर ‘आन्ह्योरुंग’ असा शब्द असेल तर ते हुकूमपत्र नाही. ‘तुमच्या परवान्याची मुदत कमी करायचा विचार आहे, तुमचं काय म्हणणं आहे ते अमुक तारखेपर्यंत कळवा’ असं ते विचारतात. विरुद्ध निर्णय देण्याआधी म्हणणं ऐकून घेणं त्यांच्या प्रशासकीय कायद्यात बंधनकारक आहे. आपली मुलं घाबरून या पत्राला उत्तरच देत नाहीत. ही सगळ्यात मोठी चूक, कारण मग फाइलमध्ये एकाच बाजूचा कागद राहतो.

नोकरी गेल्यावर दोन आठवड्यांत कळवायचं असतं. त्याने कळवलं होतं का, हे विचारा. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे ब्लू कार्ड दोन वर्षांहून जुनं असेल तर सहा महिन्यांपर्यंतच्या बेकारीवरून ते काढून घेत नाहीत. दोन वर्षांच्या आत असेल तर तीन महिने. तुमच्या मुलाची तीन वर्षं झालीत, म्हणजे दिवस ऑक्टोबरपासून मोजा. उत्तरासोबत नोकरीचे अर्ज, मुलाखतींची पत्रं, घरभाड्याचा करार, आरोग्यविम्याचा कागद जोडायचा. उत्तरानंतरही निर्णय विरुद्ध गेला, तर साधारण एक महिन्यात आव्हान देता येतं. त्यापुढे देश सोडायला मुदत देतात, आणि तीही उलटली तर जबरदस्तीने पाठवणी. तुम्ही पहिल्या पायरीवर उभे राहून शेवटच्या पायरीला घाबरताय.

कार्डाचीच मुदत संपत आली असेल तर ती संपण्याआधी वाढीचा अर्ज टाकला, की निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू आहे असं धरतात आणि तसा दाखला देतात. त्याचं नाव ‘फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग’. म्हणताना मला धाप लागते. पण तुमची सोसायटी जुनी असेल तर ही कल्पना तुम्हाला चांगली माहीत असणार. बिल्डर जमीन सोसायटीच्या नावावर करायला सही करत नाही तेव्हा आपण जे ‘मानीव अभिहस्तांतरण’ करून घेतो, त्यातलं ‘मानीव’ ते हेच. झालं नाही, पण झालं असं मानायचं. जर्मनांनाही ते लागतं हे कळल्यावर मला बरं वाटलं होतं.

प्रश्न : ताई, भाचा डंकीने, म्हणजे चोरवाटेने, अमेरिकेत पोचला. बहिणीने अंजिराची बाग विकून पैसे भरले. आता एजंट म्हणतो, आणखी पैसे द्या, ‘राजकीय पक्षाच्या लोकांनी मारलं, जिवाला धोका आहे’ अशी असायलमची केस बनवून देतो. भाच्याला कुणी कधी बोटही लावलेलं नाही. द्यावे का? (एक वाचक, सासवड)

उत्तर : एक रुपया देऊ नका. जाणूनबुजून खोटा आश्रयाचा अर्ज केला असं तिथे ठरलं, तर पुढे अमेरिकेतला कुठलाही व्हिसा-परवान्याचा लाभ कायमचा बंद होतो, लग्न केलं तरी. तिथे आश्रय पाच कारणांवर मिळतो : वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट, राजकीय मत. कर्ज झालं, बाग गेली, गावात काम नाही, यातलं काहीही त्यात बसत नाही. ते दुःख खरं असलं तरी. आणि तीच एक गोष्ट एजंटने पन्नास पोरांना विकलेली असते. समोरचा न्यायाधीश ती पन्नासाव्यांदा ऐकत असतो. हे न्यायाधीशही आपल्या कल्पनेतले नव्हेत, ते त्यांच्या न्यायखात्याचे नोकर असतात, आणि वकील सरकार देत नाही, ज्याचा त्याने करायचा.

आता करायचं काय? भाच्याने राहण्याचा पत्ता बदलला असेल तर तो त्या इमिग्रेशन कोर्टाला पाच दिवसांत लेखी कळवायचा. सुनावणीची नोटीस जुन्या पत्त्यावर जाते, पोरगा हजर राहत नाही, आणि त्याच्या पाठीमागे काढून टाकण्याचा हुकूम होतो. अशा हुकुमाने पुढची कित्येक वर्षं परतीची दारं बंद होतात. खरं कारण नसेलच, तर न्यायाधीशाकडे आपणहून देश सोडून जाण्याची परवानगी मागता येते. ती मिळाली आणि वेळेत निघाला, तर कपाळावर तो हुकुमाचा शिक्का बसत नाही. यासाठी तिथल्या परवानाधारक वकिलाशी एकदा बोला, एजंटशी नाही. ५ फेब्रुवारी २०२५ला अमृतसरला लष्करी विमान उतरलं, हातापायांत बेड्या घातलेले १०४ लोक घेऊन, त्यात महाराष्ट्रातले तिघं होते. त्यातल्या कुणाचा एजंट विमानतळावर घ्यायला आला होता, असं मी तरी वाचलं नाही.

प्रश्न : मी मूळची सिंधमधल्या सक्करची. डिसेंबर २०१५ला लग्न करून पिंपरी कॅम्पात आले, तेव्हापासून दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आहे. मार्च २०२३ला वडील गेले म्हणून माहेरी गेले, ऑगस्टमध्ये परत आले. जानेवारी २०२४ला नागरिकत्वाचा अर्ज केला, तर ‘दिवस भरले नाहीत’ म्हणाले. आठ वर्षं राहूनही? गेल्या एप्रिलमध्ये तर बॅग भरून बसले होते. (एक वाचक, पिंपरी)

उत्तर : ताई, एप्रिलमधली तुमची भीती मी समजू शकते. पहलगामनंतर २७ एप्रिल २०२५पासून पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, पण दीर्घ मुदतीचे व्हिसा त्यातून वगळले होते. बॅग रिकामी करा.

दिवसांचा हिशेब आता बघू. भारतीयाशी लग्न केलेल्यांसाठी ‘सात वर्षं’ म्हणतात, पण ती सरळ सात नसतात. अर्जाच्या लगेच आधीचे १२ महिने सलग इथे हवेत, आणि त्याआधीच्या आठ वर्षांत मिळून किमान सहा वर्षं. जानेवारी २०२४ला मागचे १२ महिने मोजले की त्यात तुमचे माहेरचे पाच महिने येतात. टेबलावरच्या माणसाने दुष्टपणा केला नाही, त्याने कॅलेंडर उलटवलं. खरी चूक कुणाची असेल तर अर्ज ‘लगेच टाका’ म्हणणाऱ्याची. ऑगस्ट २०२४ उलटल्यावर तुमचे १२ महिने भरले, आणि त्याआधीच्या आठ वर्षांत तुमची सात वर्षं तीन महिने होतात. म्हणजे आता अर्ज नव्याने करा. जुन्याचं अपील करत बसू नका, तो क्रमांक फक्त नव्या अर्जात खरा खरा नमूद करा.

शेजारचे ‘सीएएमध्ये भरा’ म्हणत असतील तर त्यात तुम्ही बसत नाही. तिथली तारीख ३१ डिसेंबर २०१४ आहे आणि तुम्ही एका वर्षाने मागे आहात. तुमचा रस्ता लग्नाचा. अशा अर्जांचे अधिकार २०१६ साली केंद्राने देशातल्या १६ जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना दिले, त्यात पुणंही होतं. त्यामुळे चौकशीची सुरुवात दिल्लीला पत्र लिहून नाही, जिल्हाधिकारी कचेरीपासून करा. कॅम्पात १९४७चे आजी-आजोबा असलेलं एखादं घर गाठा, त्यांच्याकडे कुठला कागद कुठे लागतो याचं ज्ञान माझ्याहून जास्त असतं.

भावाचं लग्न ठरतंय असंही तुम्ही शेवटी लिहिलंय. अटारीचा रस्ता तसाही बंद आहे. उघडला तरी नागरिकत्व हातात पडेपर्यंत जाऊ नका, अर्जाआधी गेलात तर बारा महिने पुन्हा पहिल्यापासून. लग्न व्हिडिओवर बघा, आहेर माझ्याकडून पाठवा.